बॅटरी कुठली टाकायची?

काही विषय असे असतात की त्यांचे किस्से आपण गोळा करत नाही, तेच आपल्याकडं मुक्कामाला येतात. आमच्या चौघांचा असा विषय म्हणजे बॅटरी! आजही जालन्यात चहाला भेटलो आणि कुणी नुसतं "लिथियम" म्हटलं, की दुसऱ्या चहाची ऑर्डर आपोआप जाते.

चौघं म्हणजे पॉलिटेक्निकला शिकवणारे गौतम सर, अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शोभाताई, मोबाइल रिपेअरिंगवाले रफिकभाई आणि मी. मी एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. काळ तो, जेव्हा हॉटेलात एक मोबाइल वाजला की सगळी टेबलं आपापले खिसे चाचपायची.

गौतम सरांच्या मेहुण्यानं पुण्याहून रोबोटचं किट आणलं. दोन मोटरी, दोन चाकं, पुढं एक छोटी गोळी चाकासारखी, आणि काळी पट्टी ओळखणारे डोळे. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवली की गडी तिच्यावरून चालणार! शोभाताईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "आमच्या विज्ञान प्रदर्शनात हाच ठेवायचा. आमच्या पोरांनी रोबोट फक्त टीव्हीत पाह्यलाय."

सगळं जोडलं. मग खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात दिसलं: बॅटरी सोबत मिळणार नाही.

*

पहिली बॅटरी मी आणली. इमर्जन्सी लाइटमधली, शिशाची. सहा व्होल्ट, म्हणजे कागदावर बराबर! रोबोटच्या पाठीवर ठेवली. दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकली आणि रोबोट जमिनीला पोट टेकून बसला. मोटरी कण्हत होत्या.

शोभाताई म्हणाल्या, "यंत्रमानव करायचा होता ना? तुम्ही हमाल केला त्याचा!"

*

मग पेन्सिल सेल. रोबोट पळाला! आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत तो रेंगाळायला लागला. मोटरी सेल नुसते पिऊन टाकायच्या.

गौतम सरांना मात्र चटक लागली. प्रयोग थांबू नये म्हणून त्यांनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले. मग भिंतीवरच्या घड्याळातले. मग टॉर्चमधले. शेवटी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"टायम कळंना, टीव्ही लागंना, लाइट गेली तर टॉर्च न्हाई. तुमचा रोबोट चालू झाला आन् माझं घर बंद पडलं!"

*

तेव्हा आम्ही रफिकभाईच्या दुकानात गेलो. मोबाइलची एवढीशी बॅटरी दिवसभर चालते, वजन काही नाही, पुन्हा चार्ज होते. मग रोबोटला का नको?

"मोबाइलच्या दोन एकामागं एक जोडल्या तर व्होल्टेज जमतंय," रफिकभाई म्हणाले. "पण आधी बॅटरी निवडायला शिका."

त्यांनी काउंटरच्या काचेवर एक जुनी बॅटरी आडवी ठेवली आणि बोटानं टिचकी मारली. भिंगरीसारखी गरगर फिरली. दुसरीला मारली, ती जागची हलली नाही.

"जी फिरते ती पोटात फुगलेली. फेकायची. जी बसून राहते ती चांगली."

एवढ्यात घनसावंगीचे एक पाहुणे मोबाइल घेऊन आले. चार्जिंग टिकत नव्हतं. रफिकभाईंनी त्यांची बॅटरी काढून काचेवर फिरवली. काय फिरली!

"चाचा, खराब झाली. नवीन टाका."

चाचांनी ती स्वतः फिरवून बघितली. एकदा, दोनदा. मग खिशात घातली.

"एवढी जोरात फिरून राह्यली आन् खराब कशी? ती तुमची बसलेली बदला!"

*

दोन न फुगलेल्या बॅटऱ्या जोडल्या. रोबोटनं एक झटका घेतला आणि मेला. पुन्हा चालू केला, पुन्हा झटका, पुन्हा मेला.

रफिकभाईंनी कारण सांगितलं. प्रत्येक बॅटरीत एक नखाएवढी पट्टी असते. कुणी एकदम जास्त करंट ओढला की ती पुरवठा तोडते. मोबाइल घोट घोट पितो, मोटर सुरू होताना घटाघटा पिते.

गौतम सरांचे डोळे चमकले. "मंग पट्टीच काढून टाकू!"

"सर, ती उगीच न्हाई बसवलेली," रफिकभाई म्हणेपर्यंत सरांनी चिमटा घातलासुद्धा. चिमट्याची दोन्ही टोकं नको तिथं टेकली. आधी सुईइतका बारीक आवाज आला, मग धूर, मग भसकन जाळ! रफिकभाईंनी पक्कडीनं बॅटरी उचलली आणि दाराशी ठेवलेल्या वाळूच्या डब्यात कोंबली. सर हात झटकत उभे. चेहरा पांढरा. नशीब, बोटांना नुसता चटका बसला होता.

शोभाताई आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, ह्याच्याभोवती माझी पोरं वाकून उभी राहणार हायेत."

सरांनी चिमटा काउंटरवर ठेवला. म्हणाले, "पट्टी राहू द्या. बॅटरी बदलू."

तेवढ्यात शेजारच्या रसवंतीवाल्यानं मान आत घातली. "भाई, कबाब चालू केले का?"

*

मिलमध्ये ट्रकच्या बॅटऱ्यांसाठी एक दणकट चार्जर होता. लिथियमची मिळाली की तिला ह्यावरच लावू, असं म्हणत मी तो उचलून दुकानात आणला. रफिकभाईंनी वायर माझ्या हातातून काढून घेतली.

"दोस्त, लिथियमला तिचाच चार्जर लागतो. पोट भरलं की तिथंच थांबवावं लागतं. ही म्हैस न्हाई, दिसंल तेवढं खायला!"

*

बॅटरी शेवटी सापडली ती लग्नात. शोभाताई भाचीच्या लग्नाला घनसावंगीला गेल्त्या. सगळे नवरीकडं बघत होते, ताई व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याकडं. त्याच्या पाठीला चिकटलेली एक चपटी बॅटरी. लिथियम, सात व्होल्टच्या वर, स्वतःचा चार्जर, आणि पट्टी आतच!

मंगलाष्टका चालू असताना ताई अक्षता हातात धरून त्याच्या मागं गेल्या. "दादा, तुमची किती वेळ चालते?"

तो कॅमेऱ्यासकट त्यांच्याकडं वळला. "पार बिदाईपर्यंत चालते ताई! तुमच्या घरी कधी हाय कार्य?"

तो भला माणूस निघाला. त्यानं जवळची एक जुनी बॅटरी चार्जरसकट प्रदर्शनापुरती दिली. रोबोटनं तिच्यावर अशी धाव घेतली की आम्ही चौघं जमिनीवर बसून नुसते बघत राहिलो.

महिन्याभरानं लग्नाची सीडी आली. सगळं कुटुंब बघायला बसलं. अंतरपाट धरलेला आहे, भटजी गात आहेत, आणि आख्खा पडदाभर शोभाताईंचा चेहरा, डोळे बारीक करून काहीतरी वाचतोय!

ताईंचे मिस्टर म्हणाले, "नवरदेव कुठला निवडलाय ते सांगा. बॅटरी कुठली ते आम्हाला कळलं!"

*

प्रदर्शनाच्या दिवशी अंबडला ही गर्दी! रोबोट काळ्या पट्टीवरून फेऱ्या मारत होता, थकायचं नाव नाही. शोभाताईंच्या विद्यार्थ्यांनी शेजारी पाटी लावली होती: ऊर्जा – लिथियम बॅटरी. वाहक – तांब्याची तार.

खाकी कपड्यातले एक एसटीचे ड्रायव्हर मुलीला घेऊन आले. पाटी वाचली. रोबोटकडं बघितलं. पुन्हा पाटी वाचली.

"सर, वाहक कळला. चालक कुठंय?"

गौतम सर खुश झाले. "हीच तर गंमत हाय! ह्याला चालक लागतच न्हाई. डोळे हायेत, बॅटरी हाय, रस्ता हाय. बास!"

"बिलकुल लागत न्हाई?"

"बिलकुल न्हाई!"

ड्रायव्हरसाहेबांनी मान डोलावली. गळ्यातला पंचा काढला, त्याची घडी घातली आणि हळूच कागदाच्या खाली सरकवली. रस्त्यावर एक टेकाड तयार झालं.

रोबोट आला. पुढची गोळी टेकाडाला अडली. चाकं फिरून राह्यली, बॅटरी जोर लावून राह्यली, गाडी जागची हलंना. पोरं वाकून बघत होती.

ड्रायव्हरसाहेब वाकले आणि एका बोटानं त्याला मागून हलकेच ढकललं. रोबोट टेकाड चढला, उतरला आणि पट्टीवरून भरधाव निघून गेला.

त्यांनी पंचा काढून खांद्यावर टाकला, मुलीचा हात धरला आणि जाता जाता गौतम सरांना म्हणाले,

"आता पाटीवर माझं नाव लिवा!"