पाचारणाची चौकशी

मला देवाचं पाचारण झालंय, असं मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "शाळा रजा देईल का?" एवढंच तिनं विचारलं. मी एकतीस वर्षांची होते, खडकीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पुढे लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांच्या मानाने आईचा प्रश्न फारच सभ्य होता.

पाचारण म्हणजे काही आकाशवाणी नव्हती. आमच्या चर्चमधल्या एका बाईंची सात वर्षांची मुलगी डेंग्यूनं गेली. दफनविधीत आमचे पाळकसाहेब म्हणाले, "देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं." ती आई त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. मागे उभी राहून मी विचार करत होते की असल्या देवावर चोरीचा गुन्हा नोंदवायला हवा. त्या आईला खरं काय सांगायला हवं होतं, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. आठवडे गेले तरी तो राग उतरेना. शेवटी कळलं की हे शिकल्याशिवाय आपल्याला दुसरं काही करता येणार नाही.

स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठानं थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविद्या, शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. अट एकच, स्वतःच्या चर्चचं शिफारसपत्र हवं. म्हणून मी कमिटीपुढे जाऊन बसले. सात पुरुष आणि एक क्रीमरोलची बशी.

"तिकडून परत येणार ना?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचे दोन्ही मुलगे कॅनडात स्थायिक होते. पण ते पगारासाठी गेलेले, देवासाठी नव्हे, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"येणार."

"आणि लग्नाचं?"

"त्याचा शिफारसपत्राशी काय संबंध?"

"अहो, रागावू नका. इथे काय कमी आहे, एवढंच विचारतोय. संडे स्कूल आहे, महिला मंडळ आहे."

पाळकसाहेब इतका वेळ डोळे मिटून होते. ते प्रार्थना करत असावेत, असं बाकीच्यांनी आदरानं गृहीत धरलं होतं. डोळे उघडून ते म्हणाले, "बायबलचं मूळ हिब्रू फार अवघड असतं, बाई."

"आपल्याला येतं?"

"शिकलो होतो." त्यांनी क्रीमरोल उचलला.

पत्र मिळालं. चार ओळींचं. 'सदर भगिनी गायनवृंदात नियमित असून स्वभावाने शांत आहे.' मी आयुष्यात कधी शांत नव्हते, पण खोट्याचं पाप त्यांच्या माथी होतं, म्हणून मी ते पाठवून दिलं.

तिकडची मंडळी वेगळी असतील असं मला वाटलं होतं. वेगळी होती खरी. आमचे एक प्राध्यापक मानवी वेदनेवर तीन जाडजूड ग्रंथ लिहून बसले होते. वर्गातल्या एकाचे वडील वारले, तेव्हा त्यांनी त्याला ईमेल केला: निबंधाची मुदत दोन आठवड्यांनी वाढवली आहे. बस. सहाध्यायी मी भारतातून आले म्हणून माझ्याकडे माना तिरक्या करून बघत. माझं बालपण कष्टात गेलं असणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी स्कूटीवरून कॉलेजला जायचे, हे सांगितल्यावर त्यांची चक्क निराशा झाली. मी मनातल्या मनात सगळ्यांना हसत होते आणि भरपूर मार्क मिळवत होते.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात सफाईला येणाऱ्या बाईंचा मुलगा अपघातात गेला. महिन्याभरानं त्या कामावर आल्या. माझ्या खोलीत चादर बदलता बदलता थांबल्या आणि म्हणाल्या, "तू देवाबद्दल शिकतेस ना? मग सांग, का नेलं त्याला?"

मी तोंड उघडलं. "या प्रश्नाबाबत मुख्यतः तीन भूमिका घेतल्या जातात," मी म्हणाले.

पहिली भूमिका सांगून झाली, तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला. सरावलेला, गुळगुळीत. पाळकसाहेबांनी निदान फूल तरी दिलं होतं. दुसरी भूमिका मी सांगितलीच नाही. चादरीची दोन टोकं धरली, दोन त्यांनी धरली. नंतर त्या पलंगावर बसून रडल्या आणि मी शेजारी बसून राहिले. दोन वर्षांत मी केलेलं धड काम तेवढंच. पण त्या गुळगुळीत आवाजामुळे स्वतःची आली तितकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

पदवी घेऊन मी परत आले. पहिल्या रविवारी शाल, नारळ झालं. "दहा मिनिटं बोला," सेक्रेटरी म्हणाले, "बर्फाबद्दल सांगा, मुलांना आवडेल." मी बर्फाबद्दल बोलले नाही. बायबलच्या स्तोत्रांत पूर्वीचे भक्त देवाला तोंडावर जाब विचारत, तू झोपलास का म्हणून ओरडत, आणि त्या ओरडण्यालाही प्रार्थनाच म्हणत, हे सांगितलं. सेक्रेटरींनी तीनदा घड्याळ पाहिलं. उपासनेनंतर ते म्हणाले, "छान होतं, पण जरा निगेटिव्ह." त्यानंतर मला तिथे बोलायला कुणी बोलावलेलं नाही.

आता मी स्वारगेटहून बस पकडून लोणी काळभोरच्या पुढे एका लहानशा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, हिब्रू शिकवायला जाते. वर्गात अकराजण. परवा माझ्याच वयाच्या, शेती सोडून आलेल्या एका विद्यार्थ्यानं असंच एक स्तोत्र वाचता वाचता बोट थांबवलं.

"बाई, देवावर असं वरडलेलं चालतंय व्हय?"

"चालतं," मी म्हणाले. "क्रियापद ओळखा."

त्यांनी ते चुकीचं ओळखलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.