डीपीवरची पेटी आणि बावीस मोटरींचा सदाचार

हे पांडुरंगा, हे तेजाच्याही तेजा, ज्याच्या गाभाऱ्यात समई विझली तरी अंधार पडत नाही, ज्याच्या दृष्टीला पापणी नाही आणि ज्याच्या दरबारात भारनियमन नाही, त्या तुला आधी दंडवत. तू पाहतोस, असे आम्ही रोज म्हणतो. तू पाहतोस, हे आम्ही रोज विसरतो. आता तुझ्याच चरणांशी बसून तुझ्या एका लेकीचे चरित्र सांगायचे आहे. गोड मानून घे, आणि मधे हसू आले तर हास, कारण आमचे वागणेच तसे आहे.

तिचे नाव स्वरूपा आबाजी रुपनवर. घर इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावरच्या वस्तीवर. वय चौतीस. नोकरी बारामतीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, विद्युत विभागात शिकवण्याची. आणि व्रत पीएच.डी.चे.

व्रते आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणी सोमवार धरतो, कोणी चतुर्थी धरतो. दिवस मावळला की, नाहीतर चंद्र दिसला की उपास सुटतो. या व्रताला चंद्रच नव्हता. नऊ वर्षे झाली, दर सहा महिन्यांनी स्वरूपा समितीपुढे उभी राहायची, पडद्यावर आलेख दाखवायची. समिती सामोसा संपवायची, हात पुसायची आणि आशीर्वाद द्यायची की काम चांगले आहे, अजून थोडे करा. त्या 'थोड्या'त तिच्या डोक्यावर पांढरे केस आले. मार्गदर्शक डॉ. विजयसिंह सर मोठे प्रेमळ. प्रत्येक शोधनिबंधावर पहिले नाव स्वतःचे घालायचे, म्हणजे चुकांची जबाबदारी एकट्या शिष्येवर येऊ नये. निबंध वाचण्याचा मोह मात्र त्यांनी कटाक्षाने टाळला होता.

प्रबंधाचे नाव असे: 'ग्रामीण वीजवितरण जालातील व्होल्टेज-स्थैर्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित क्रमबद्ध भार-आरंभ पद्धती'. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला आमच्या भागात लाइट जायच्या आत शेवट गाठता येत नाही. अर्थ मात्र सरळ होता. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवरच्या स्टार्टरला 'ऑटो' नावाची एक डबी लावलेली असते. मालक घरी चहा पीत असला तरी लाइट आल्या क्षणी मोटर आपोआप सुरू होते. एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवर, बावीस मोटरी. बावीस जणांचा ऑटो. बावीस मोटरी एकाच क्षणी वीज ओढतात. बैलगाडीत बावीस माणसांनी एकदम उडी मारावी तसे होते. व्होल्टेज कोसळते, फ्यूज उडतो, मोटरी जळतात. त्या एकामागून एक सुरू व्हाव्यात, आणि तो क्रम संगणकाने ठरवावा, एवढेच स्वरूपाला सिद्ध करायचे होते.

ते तिने सिद्धही केले होते, पण पुस्तकातल्या जाळ्यावर. तेहतीस गाठींचे एक तयार जाळे असते. जगभरचे संशोधक त्याच्यावरच प्रयोग करतात. त्या जाळ्यात ऊस नाही, स्टार्टरच्या पेटीत शिरून मरणारी पाल नाही, आणि पाच हॉर्सची मंजुरी घेऊन साडेसातची मोटर बसवणारा शेतकरी तर मुळीच नाही. त्या पुण्यवान जाळ्यावर स्वरूपाची पद्धत सोन्यासारखी चालायची. यंदा मात्र समितीने सामोशाआधीच सांगितले: सहावे प्रकरण प्रत्यक्ष मोजणीचे हवे, खऱ्या डीपीवरचे. एप्रिलअखेरपर्यंत प्रबंध सादर झाला नाही, तर नोंदणी रद्द. ही शेवटची मुदतवाढ.

मार्चच्या शेवटी तिने वीज कंपनीच्या कार्यालयातून रीतसर परवानगी काढली, लाइन बंद करून घेतली आणि आपल्याच वस्तीच्या डीपीवर व्होल्टेज नोंदवणारे यंत्र बसवले. बसवायला मदतीला अय्युबभाई होते. भवानीनगरला मोटर भरण्याचे त्यांचे दुकान. जळालेल्या मोटरीची तार काढून नवी गुंडाळावी ती त्यांनीच. यंत्र एका पत्र्याच्या पेटीत, पेटीला लाल दिवा, आणि तो दिवा दर दोन सेकंदांनी डोळा मिचकावायचा.

अकरा दिवसांनी तिने नोंदी उतरवल्या आणि त्या पुन्हा वरपासून वाचल्या. मोटरीच्या लाइनीला चारशे पंधरा हवे, आणि व्होल्टेज तीनशे पंचाण्णवच्या खाली एकदाही गेले नव्हते. एकदाही नाही. आलेख कसा, तर देव्हाऱ्यातल्या ज्योतीसारखा, न हलणारा. ज्या रोगावर तिने नऊ वर्षे औषध घोटले, तो रोग या डीपीला नव्हताच.

यंत्र बिघडले असेल म्हणून ती अय्युबभाईंच्या दुकानात गेली. तिथे चमत्कार दुसरा. एप्रिलमध्ये ज्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तिथे अय्युबभाई स्टुलावर बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत होते. तिने विचारले, यंत्र खोटे तर दाखवत नाही ना? त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"यंत्र खरं हाय, ताई. मानसं खोटी वागायली हायत. म्हंजे, चांगली वागायली हायत." मग हळू आवाजात त्यांनी सगळे सांगितले. शिवारात बातमी होती की पेटीत कॅमेरा आहे. कोणाची मोटर किती हॉर्सची, कोणाचा ऑटो चालू, सगळे पुण्याच्या ऑफिसात दिसते. म्हणून बावीसच्या बावीस जणांनी ऑटो काढून ठेवले. निम्मे सकाळी मोटर लावत होते, निम्मे दुपारी, तेही स्वतः विहिरीवर जाऊन, टोपी नीट करून. वर्षानुवर्षे खुराड्यात कोंबड्या ज्यांच्यावर बसत होत्या, ते व्होल्टेज सावरणारे कपॅसिटर धुऊन पुसून स्टार्टरला जोडले गेले होते. "तुमची पेटी व्होल्टेज न्हाय मोजत," अय्युबभाई म्हणाले, "लाज मोजतीया. आन माझ्या धंद्याचं वाटोळं करतीया."

ही बातमी उठवली कोणी, असे तिने विचारले. अय्युबभाईंनी पुन्हा कोड्यात डोके घातले. "घरी इचारा," एवढेच म्हणाले.

वाटेत तिने सरांना फोन करून सगळी हकिगत सांगितली. सरांनी ती शांतपणे ऐकली आणि ते आनंदले. त्यांचे म्हणणे सरळ होते. असा आलेख मागून मिळत नाही. त्याला 'प्रस्तावित पद्धती लागू केल्यानंतर' असे नाव द्यायचे. 'आधीचा' आलेख संगणकावरचा आहेच. दोन्ही शेजारी ठेवले की सहावे प्रकरण संपले. तिने चाचरत विचारले, पण सर, पद्धत लागूच केलेली नाही. तेव्हा सर म्हणाले, "स्वरूपा, नऊ वर्षांत परीक्षकाने कधी तुझ्या वस्तीवर येऊन पाहिलंय?"

विठ्ठला, मोह कसा येतो पाहा. तो चोरासारखा भिंत फोडून येत नाही. मार्गदर्शकाच्या आवाजात येतो आणि 'घाई कर' म्हणतो.

घरी आली तर ओसरीवर आबाजी एक पाटी मांडीवर घेऊन बसले होते. ही पाटी घरात सगळ्यांना ठाऊक, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. 'डॉ. स्वरूपा आबाजी रुपनवर', पिवळ्यावर काळ्या अक्षरांत. तीन वर्षांपूर्वी लेक 'आता होईलच' म्हणाली, त्या आठवड्यात बापाने इंदापुरात रंगवून आणली आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. आता तिच्यावरची धूळ पुसत ते म्हणाले, "रंग उडालाय. परत एक हात द्यावा म्हंतो. आता हुईलच न्हवं?"

ती समोर बसली आणि विचारले, "आबा, पेटीबद्दल तुम्ही कोणाला काय सांगितलंत?"

आबाजींनी पाटी उलटी ठेवली. "पोरं दगडं मारत्याल, कुनी वायर तोडंल, म्हून म्हणलं. तुझं नऊ वर्साचं काम, बाय. म्हणलं, हात लावाल तर पुण्याला दिसतंय. मग बिरूतात्यानं इचारलं, मोटर बी दिसती का. म्हणलं, हॉर्ससकट दिसती."

"त्यात काहीच दिसत नाही, आबा. फक्त व्होल्टेज."

"मला कुटं ठावं," आबाजी म्हणाले. "मी बी माझा ऑटो काढून ठिवलाय की."

बापाच्या मायेने लेकीची पेटी वाचवली आणि लेकीचे प्रकरण बुडवले. जगात कुठल्याही विद्यापीठात असा दोष नोंदवायला रकाना नाही. स्वरूपाने त्या उलट्या पाटीकडे पाहिले. गप्प बसली, तर महिन्याभरात ती भिंतीवर चढणार होती. बोलली, तर शिवार पुन्हा मूळ स्वभावावर येणार होते, आणि मुदतीला उरले होते एकोणीस दिवस. पण पाटीवरचे 'डॉ.' खोट्या आलेखाच्या रंगाने रंगवायचे, आणि मग रोज संध्याकाळी त्याच ओसरीवर दिवा लावायचा, हे तिच्याने होईना.

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळासमोर बावीस खातेदार जमतात, तेव्हा तिने उभे राहून सांगितले. पेटीत कॅमेरा नाही. पुण्याला काही दिसत नाही. कोणी कोणाला पाहत नाही. प्रबंधासाठी खरे व्होल्टेज हवे आहे, म्हणून सांगते आहे.

सभेने एकमेकांच्या टोप्यांकडे पाहिले. मग बिरूतात्या बोलले. त्यांच्या विहिरीवर पाचची मंजुरी आणि साडेसातची मोटर. मोटरीवरची पाटी त्यांनी स्वतः कानशीने घासलेली. "म्हंजे," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आमी बारा दिस उगंच सरळ वागलो व्हय?"

सोमवारी सकाळी आठला लाइट आली. बावीस ऑटो एकाच क्षणी खटकले, व्होल्टेज दोनशे नव्वदवर बसले आणि फ्यूज उडाला. बसवला, पुन्हा उडाला. बुधवारपर्यंत चार मोटरी जळाल्या, आणि त्यांतली एक आबाजींची. यंत्राने सगळे इमानाने टिपले. स्वरूपाला हवा तो रोग मिळाला. उसाला हवे ते पाणी मिळेना. बिरूतात्या वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, रोगी बरा हुता की. तुमी खरं सांगून आजारी पाडला."

मागून आबाजी येत होते. त्यांनी ते ऐकले. स्वतःची जळकी मोटर अय्युबभाईंकडे टाकून ते परतले, आणि गुरुवारी सकाळी देवळासमोर एक जुने रजिस्टर घेऊन बसले. कालव्याला पाणी सुटले की कोणी कधी पाट फोडायचा, याचा पाळीचा क्रम त्यात दोन पिढ्यांपासून लिहिलेला. ते म्हणाले, "पान्याला पाळी हाय. मग लाइटीला का नगं? अकरा जनं आधी, अकरा जनं मागनं. वरच्यापास्नं खाली."

स्वरूपाने विचारले, एकाने लावल्यावर दुसऱ्याने किती सेकंद थांबायचे? तिच्या पद्धतीत त्यासाठी बेचाळीस पानांचे गणित होते. बिरूतात्यांनी तिच्याकडे दयेने पाहिले.

"सेकंद कशाला? वरच्याच्या पाटात पानी दिसलं की खालच्यानं बटन दाबायचं. त्यात काय इंजिनेरिंग?"

नऊ वर्षे, बेचाळीस पाने, तेहतीस गाठी, आणि उत्तर पाटातून वाहत होते. त्या क्षणी स्वरूपाला रडावे की हसावे कळेना. मग ती हसली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. आठवडाभर पाळी चालली. तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने हिशेबाने दिले होते तीनशे अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. शेजाऱ्याच्या पाण्याकडे पाहणाऱ्या अकृत्रिम बुद्धीने दिले तीनशे एक्क्याण्णव.

सहाव्या प्रकरणात तिने तीन आलेख घातले. तिसरा पाळीचा, दुसरा ऑटोचा, आणि सर्वांत देखणा तो पहिला. त्याच्याखाली तिने लिहिले: 'ग्राहकांना आपण पाहिले जात आहोत असे वाटत असतानाची स्थिती'. सर संतापले. असले वाक्य शास्त्रात बसत नाही, म्हणाले. मग तीन आलेखांवर एक चांगला शोधनिबंध होईल असे लक्षात आले आणि सरांनी पहिल्या नावासह क्षमा केली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, प्रबंध सादर झाला.

पुढे मौखिक परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी गणिताला हातही लावला नाही. पहिल्या आलेखावर बोट ठेवून विचारले, हा इतका चांगला कसा? तिने खरे ते सांगितले. परीक्षकांनी आलेखाखालचे वाक्य मोठ्याने वाचले. मग त्यांनी सही केली.

पाटी आता ओसरीवर आहे, थोडी तिरकी. आबाजींनी स्वतः खिळा ठोकला. यंत्र महाविद्यालयात परत गेले. पण ते काढायला स्वरूपा डीपीशी गेली, तेव्हा बिरूतात्या आडवे आले. पेटी राहू द्या, म्हणाले. आत काही नाही, हे बावीस जणांना ठाऊक होते. "ठावं हाय," तात्या म्हणाले, "पर दिवा तेवढा चालू ठिवा. पाळी मोडाया लई मोह व्हतो."

आणि दिवा चालू आहे. पाहा, भगवंता, काय आमची भक्ती. कंबरेवर हात ठेवून तू युगानुयुगे डोळे उघडे ठेवलेस, त्या डोळ्यांना आम्ही कधी भ्यालो नाही. समोर टाळ वाजवला आणि मागे मोटरीची पाटी घासली. रिकाम्या डब्यातल्या लाल ठिपक्याला मात्र टोपी नीट करून भ्यालो. या सगळ्या शिवारात कोणी पाहत नसतानाही खरे बोलली ती एकटी, आणि तिने ते आपल्याच प्रबंधाच्या मुळावर घाव घालून केले.

म्हणून, पांडुरंगा, तिला सांभाळ. डॉ. स्वरूपाच्या वाणीत हे खरेपण आयुष्यभर राहो, तिच्या विद्यार्थ्यांना नऊ वर्षे लागू नयेत. आबाजींच्या डोळ्यांपुढची पाटी तिरकी असली तरी त्यांची मान ताठ राहो. त्या घराच्या पाटाला पाणी, चुलीला विस्तव आणि ओसरीला उजेड कधी कमी न पडो. आणि बिरूतात्यांसकट त्या बावीस घरांवर तुझी दृष्टी राहो. ती आहेच; त्यांना ती दिसो.