अन्नाच्या कबरीवरची टिटवी

कबरस्तानात हसू नये म्हणतात. पण आमच्या ग्रुपचे सगळे किस्से तिथलेच, त्याला आम्ही काय करणार? दर रविवारी एक तरी नवा निघतो आणि जुन्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो.

ग्रुप माझ्या मोठ्या भावानं काढला. इकडं सिरोंच्यात मोठ्या भावाला अन्ना म्हणतात आणि धाकट्याला, म्हणजे मला, चिन्ना. रविवारची उपासना संपली की चर्चमागच्या कबरस्तानात फिरायचं आणि पक्षी, साप, किडा, फूल, जे जिवंत दिसेल ते नावासकट ग्रुपवर टाकायचं. मी शाळा लवकर सोडली, लिहायचा कंटाळा, म्हणून मी बोलून पाठवायचो. या हिवाळ्यात अन्ना आलापल्लीच्या रस्त्यावर गाडीवरून पडला आणि गेला. आता तोही तिथंच आहे, मागच्या मोकळ्या जागेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं माझ्यानं सांगवणार नाही.

*

सुगुणाक्का म्हणजे रिटायर नर्स. चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची पिलं दिसली, तेव्हा ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : "डिलिव्हरी नॉर्मल. आई आणि बाळं ठीक. भेटायला गर्दी करू नये!"

*

एकदा एका कबरीवर पास्टर अय्या प्रार्थना करत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. वर झाडात हळद्या बोलला. अन्नानं हळूच वर बघितलं आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकलं : 'हळद्या, नर.'

दुसऱ्या दिवशी अय्यांनी त्याला रस्त्यात गाठलं. "प्रार्थनेत डोळे काऊन उघडले रे?"

अन्ना मान खाली घालून उभा. अय्या थोडे पुढं गेले, परत आले.

"आणि तो नर नाई. मादी होती!"

*

जंगल खात्यातला एक तरणा गार्ड आमच्यात यायला लागला. वाघाच्या गोष्टी सांगून सांगून त्यानं आम्हाला गार केलं होतं. एका रविवारी इंग्रजांच्या काळातल्या फुटक्या कबरीतून मोठी घोरपड सरसर बाहेर आली. गार्ड थेट फाटकाबाहेर! चपला आतच.

अन्ना ओरडला, "काय साहेब, वाघाले भेत नाई ना तुम्ही?"

"वाघ जमिनीच्या वरून येते ना भाऊ!"

*

अन्नाची कबर खोदायला माणसं होती. मी त्यांच्या हातातली कुदळ ओढून घेतली. कोणाचं ऐकलं नाही. बनियन घामानं चिंब झालं. दम खायला थांबलो, तर वरून सुगुणाक्का हळू आवाजात म्हणाल्या, "चिन्ना, हलू नको."

माझ्या पाठीवर फुलपाखरं बसली होती. पिवळी, एकाला एक खेटून, घाम पीत. खांद्यावर, मानेवर. त्यांचे पाय मला कळत होते. अय्यांनी हातातलं बायबल मिटलं. मी खड्ड्यात उभा होतो आणि श्वाससुद्धा जपून घेत होतो.

आक्कांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. रविवार होता ना!

घरी अम्माजवळ, आमच्या आईजवळ, अन्नाचा फोन वाजला.

*

आमच्यात माती बसेपर्यंत कबर कच्चीच ठेवतात. मग सिमेंट करून वर नाव टाकतात. उन्हाळा आला तसा अम्मानं धोशा लावला, "माझं पोरगं उघड्यावर पडून आहे." नाव टाकल्याशिवाय तिला झोप नव्हती. राजन्ना मिस्त्री आला, त्यानं सिमेंटचा माल कालवला. मी विटा घेऊन गेलो, मागं अम्मा आणि सुगुणाक्का, तर कबरीवरच्या मातीच्या ढिगावरून टिटवी उठली. खाली अंडी. खड्यांत खडेच वाटत होते.

टिटवी ओरडली की घरात मौत होते, असं आमच्याकडं म्हणतात. माझं डोकं फिरलं. दगड उचलला. "सगळं कबरस्तान सोडून इथीच जागा भेटली का तुले?"

सुगुणाक्कांनी माझा हात धरला. "अंडी दिसली की दूर राहायचं. अन्नाचाच नियम आहे."

"अन्ना मेला!" मी ओरडलो.

अम्मा लांब भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. मग आम्हीही बसलो.

ऊन चढलं. टिटवी उडून गोदावरीकडं गेली आणि परत आली ती पोटाची पिसं भिजवून. पाणी ठिबकत होतं. तुरूतुरू चालत ढिगावर चढली आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली. थोड्या वेळानं तिचा जोडीदार आला, तोही भिजलेला. तो बसला, ही नदीकडं गेली. पुन्हा आली. पुन्हा तो गेला. खालची माती काळी पडत चालली होती. हातातला दगड मी कधी ठेवला, मला आठवत नाही.

मिस्त्री अम्माला म्हणाला, "बाई, माल वाळून राह्यला. वाया जाईन."

अम्मा उठली. भिंतीला लागून एक जुनी कबर होती. क्रूस मोडलेला, नाव नाही. अम्मानं तिकडं बोट दाखवलं.

"तिले लाव."

"कोणाची आहे?"

अम्मानं डोक्यावर पदर घेतला.

"कोणाचा तरी लेक असन."