आधी गोल, मग ओरखडा

ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, तेवढंच. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःची म्हणावी अशी केस कोणती, असं कोणी विचारलं, तर मी भाड्याच्या गाडीवरच्या ओरखड्यांचीच सांगतो. हसायचं त्यांनी हसावं.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे छत्तीसगढात ठाण्याच्या प्रभारीला सगळे टी.आय. साहेब म्हणतात. त्या दिवशी सकाळची हजेरी झाली, रोजनामचा तपासला, हवालातीतल्या दोघांना कोर्टात रवाना केलं आणि चहा सांगणार, तेवढ्यात तीन माणसं आत आली. पहिला नेहरू नगरात कोचिंग क्लास चालवणारा मालक. दुसरा गाड्या करारावर देणाऱ्या एका कंपनीच्या यार्डाचा मॅनेजर, हातात रंगीत फोटोंची फाईल. दोघांनी न विचारता खुर्च्या घेतल्या. तिसरा पन्नाशी ओलांडलेला चालक, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. तो उभाच राहिला.

मालकानं आपल्या शिक्षकांना रायपूरहून आणायला तीन वर्षांच्या करारावर गाडी घेतली होती. गाडी कंपनीची, चालक मालकाचा पगारी, दरमहा ठरलेलं भाडं, सर्व्हिसिंगचा खर्च भाड्यातच, पण सर्व्हिसिंग कंपनीनं नेमलेल्या वर्कशॉपमध्येच करायची. मुदत संपली की गाडी परत. आणि परत करताना नेहमीच्या झिजेपेक्षा जास्त नुकसान दिसलं, तर त्याचं बिल वेगळं. ते बिल आलं होतं एक लाख चौतीस हजारांचं. सात ठिकाणी खड्डे आणि ओरखडे, एक फुटका बंपर, आणि वर "दोन सर्व्हिसिंग चुकवल्या" म्हणून इंजिनाच्या झिजेचा दंड.

"टी.आय. साहेब, हा माणूस माझी गाडी वरातींना पळवत होता," मालक म्हणाला. "ठोकली आणि लपवली. गुन्हा नोंदवा. नाहीतर ह्याला ह्या कागदावर सही करायला सांगा."

कागद तयारच होता. गाडी माझ्या निष्काळजीपणानं खराब झाली, भरपाई मी पगारातून आणि नंतर हप्त्यांनी करीन. खाली सहीची जागा रिकामी.

"मी नाही करत सही," चालक म्हणाला. "कावून करू?"

तोवर सगळं हिंदीत चाललं होतं, मराठी ऐकून मी वर बघितलं. सहीच्या कागदावरचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून टेबलावरचे कागद चाळले, तर त्याच माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्यापुढे पडलेला. एका शाळेनं त्याला बसचालक म्हणून निवडलं होतं, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. गुन्हा नोंदवला असता, तर त्या अर्जावर "प्रकरण दाखल" असं मलाच लिहावं लागलं असतं. मग शाळेचं दार बंद. त्या वयात दुसरीकडे त्याला कोणी घेतलं नसतं.

मी त्या दोघांना बाहेर बसवलं आणि ह्याला खुर्ची दिली. त्याचा बाप रेल्वेत, तुमसरकडून दुर्गला आलेला. माझाही बाप रेल्वेत गँगमन. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. बापानं आयुष्यभर समोर येईल त्या कागदावर अंगठा उठवला, आणि मी वर्दी घातली तेव्हा ठरवलं होतं की माझ्या टेबलावर कोणाचा अंगठा घाईनं उठणार नाही. हे सगळं असून मी त्या दिवशी त्याला काय सांगितलं, ते लपवत नाही.

"भाऊ, सही करून मोकळे व्हा," मी म्हणालो. "हप्त्यानं फेडून टाका. गुन्हा लागणार नाही, शाळेची नोकरी वाचेल."

त्यानं तो सहीचा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "साहेब, सही केली का मी गाडी ठोकणारा ड्रायव्हर झालो. मंग शाळेतली लेकरं माह्या गाडीत कोण बसवन? तुमी बसवसान काय तुमच्या नातवाले?"

मी कोरा कागद ओढला आणि त्याचा जबाब स्वतः लिहायला घेतला.

एक गोष्ट नोकरीत शिकलो. खोटं बोलणाऱ्याकडे प्रत्येक प्रश्नाची गोष्ट तयार असते. गाय आडवी आली, मागून ऑटोनं धडक दिली, काहीतरी असतंच. मी फाईलमधला एकेक फोटो त्याच्यापुढे ठेवला. प्रत्येक वेळी तो एवढंच म्हणाला, "हे नव्हतं जी. मले नाही मालूम."

"गाडी परत केली तेव्हा कोणी तपासली नाही?"

"यार्ड पडते जामुलच्या रस्त्याले, सिमेंटच्या कारखान्यापाशी. सिमेंटच्या धुळीनं गाडी पांढरी झाली होती. ते म्हणाले, धुतल्याशिवाय काही दिसत नाही, तुमी मशीनवर बोटानं सही करा आन् जा. मी म्हटलं, धुवा ना, मी थांबतो. तर म्हणाले, काका, नंबर संध्याकाळी येईन. मी हासलो, बोटानं सही केली आन् घरी गेलो. येडा नाही तर काय!"

"आणि सर्व्हिसिंग?"

आता तो चिडला. "दोन चुकवल्या म्हणते! साहेब, दरवेळी मी गाडीखाली वाकून पाह्यलं, काळं तेल निघून राहिलं का नाही. माह्यावर मिस्त्री लोक हासत. म्हणत, काका, चहा प्या, तुमच्या पोरीचं ऑपरेशन नाही चाललं."

मी गुन्हा नोंदवला नाही, तक्रार चौकशीत ठेवली. मालक रागावून गेला. मॅनेजर मात्र हसून फोटोंची फाईल ठेवून गेला. फोटोंवर त्याचा भारी भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या प्रधान आरक्षकाला, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराला, साध्या कपड्यात वर्कशॉपवर पाठवलं. तो तासाभरात परत आला, हातात सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती. ज्या दोन सर्व्हिसिंग चुकल्या म्हणून दंड लावला होता, त्याही तिथे होत्या. तारीख, किलोमीटर, बदललेलं तेल, आणि खाली चालकाची सही. कंपनीनं त्या सर्व्हिसिंगचे पैसे भाड्यातून घेतले होते आणि त्याच न झाल्याचा दंडही लावला होता.

"साहब, एक बात और," प्रधान आरक्षक म्हणाला. "तिथला फोरमन मला गेटपर्यंत सोडायला आला. नाव घेऊ नका म्हणाला. म्हणतो, उस यार्ड में गाड़ी खड़ी-खड़ी मार खाती है।"

हीच खबर. एका वाक्याची, पण चौकशीची दिशा तिनं बदलली. आता मी फोटोंकडे चालकाच्या चुका म्हणून बघणं सोडलं आणि यार्डाचं काम म्हणून बघायला लागलो.

प्रत्येक नुकसानीभोवती पिवळ्या मेणखडूनं गोल काढला होता. दाराच्या पत्र्यावर गोल, आत ओरखडा. बॉनेटवर गोल, आत खड्डा. पूर्वी बनावट मृत्युपत्रांच्या दोन-तीन केसेस केल्या होत्या, तेव्हाचं भिंग माझ्या ड्रॉवरमध्ये असायचं. त्या केसेसमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडायचा. सही आधी झाली की मजकूर आधी? दोन रेघा एकमेकींवरून जातात, तिथे वरची कोणती ते बघायचं. मी भिंग काढलं आणि मागच्या उजव्या दाराचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

ओरखडा लांब होता. गोलाच्या आतून निघून पिवळ्या रेघेला कापत बाहेर गेला होता. जिथे कापलं, तिथे पिवळा रंग तुटलेला, आणि खालचा पत्रा चमकत होता.

वाचकहो, ओरखडा आधी असता, तर मेणखडू त्याच्यावरून गेला असता. इथे ओरखडा मेणखडूवरून गेला होता. खूण आधी आणि नुकसान मागून. मी खुर्चीतून उठलो आणि शहाण्या माणसासारखा पुन्हा बसलो. घाई केली असती, तर मॅनेजर म्हणाला असता की गोल आम्ही दोनदा काढतो.

म्हणून आधी त्याचं तोंड बांधायचं होतं. दोन पंच, चालक आणि फोटोग्राफर घेऊन मी यार्डात गेलो. गाडी तिथेच उभी. दुरुस्तीचा खर्च बिलात मागितला होता, आणि दुरुस्तीचा पत्ता नव्हता.

"सर, ही आमची स्टँडर्ड प्रोसेस आहे," मॅनेजरनं सांगितलं. "गाडी धुतो, तपासतो, नुकसान दिसलं की गोल करतो, फोटो काढतो."

"गोल एकदाच?"

"एकदाच सर."

"नुकसान दिसल्यावरच?"

"अर्थात सर. त्याशिवाय गोल कशाभोवती काढणार?" तो हसला. मीही हसलो.

"छान. हे एवढं लिहून द्या."

त्यानं सुंदर अक्षरात लिहून दिलं, वेळ टाकली, सही केली. मग मी पंचांना दाराजवळ बोलावलं, कापलेली पिवळी रेघ दाखवली आणि पंचनामा सुरू केला. मॅनेजरचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. गाडी, फाईल आणि ऑफिसातला कॉम्प्युटर जप्त केला. चालक बाजूला हाताची घडी घालून उभा होता. "आता मले मालूम झालं," एवढंच तो म्हणाला.

यार्डात पत्र्याचं काम करणारा एक कारागीर होता. त्याला मी ठाण्यात बोलावलं. धमकी नाही, हात लावला नाही. अंगणात आमची जुनी, भंगारात जायची जीप उभी होती. त्याच्या हातात पिवळा मेणखडू दिला आणि बॉनेटवर गोल काढायला सांगितलं. त्यानं काढला. मी किल्ली घेतली, आतून बाहेर ओढली आणि दाराचा फोटो त्याशेजारी धरला. तो दोन्हीकडे बघत राहिला.

"साहब, मैं तो दिहाड़ी वाला हूँ," तो म्हणाला. "जहाँ गोल, वहाँ ठोक। मुझे इतना ही बोला जाता है।"

"गोल कोण काढतं?"

"मैनेजर साहब। ऑफिस से लिस्ट आती है, किस गाड़ी में कितना निकालना है।"

म्हणजे बिल आधी, मग गोल, शेवटी हातोडी. बाकी कॉम्प्युटरनं सांगितलं. तशाच कापलेल्या रेघा कितीतरी गाड्यांच्या फोटोंत होत्या. कोणी भिंग घेऊन बघितलंच नव्हतं. माणसं बिल बघून घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला फोटोत फक्त स्वतःची चूक दिसते.

मी मॅनेजर आणि कंपनीच्या जबाबदार माणसांवर फसवणुकीचा आणि खोटे कागद तयार केल्याचा गुन्हा नोंदवला. संध्याकाळपर्यंत वरून फोन आला. कोणाचा ते सांगत नाही.

"करारातला वाद आहे. दिवाणी मामला. पोलिसांनी पडायचं कारण नाही."

मी म्हणालो, "सर, गरीब ड्रायव्हरला आत टाकायचं होतं तोवर हा फौजदारी होता. गोल उलटा निघाला आणि दिवाणी झाला? मला तसा लेखी आदेश द्या. मी केस डायरीला लावतो."

लेखी आदेश आला नाही. तसे ते कधीच येत नाहीत. माझी बदली मात्र दोन महिन्यांत झाली. होऊ दे. तोवर आरोपपत्र कोर्टात गेलं होतं.

बदलीच्या आधी कोचिंगचा मालक आला. आता त्यालाही कळलं होतं की लुटलं त्यालाच. चालकाला समोर बसवून म्हणाला, "काका, गैरसमज झाला. तुमचा अडकलेला पगार आणला आहे. झालं गेलं विसरा."

चालकानं पाकिटाला हात लावला नाही. "पगार घेतो ना मी, माह्या मेहनतीचा हाय. पण आधी लिहून द्या, का गाडी मी चांगली चालवली."

"काका, आता त्याची काय गरज?"

"माह्याकडून लिहून घ्याची गरज होती ना तुमाले? मंग मले बी हाय."

मालकानं माझ्याकडे बघितलं. मी शिपायाला सांगितलं, "साहेबांना कागद द्या." त्यानं तिथेच बसून लिहून दिलं.

ह्या केसनं मला काय शिकवलं? एक साधी गोष्ट. चोर बहुतेक वेळा हुशार नसतो, तो आपल्या घाबरण्यावर जगतो. फोटो, शिक्का, छापील बिल समोर आलं की आपण आधी मान खाली घालतो. मी शिकलेला, वर्दीतला माणूस, मीसुद्धा पहिल्या दिवशी सही करून मोकळं व्हा म्हणालो होतो. कमी शिकलेला चालक मोकळा झाला नाही, म्हणून मी भिंग काढलं. श्रेय मी घेतलं, शाबासकी मला मिळाली, पण केस त्यानं फोडली हे मी इथे छापून सांगतो. आणि करारावर गाडी घेणाऱ्यांनो, परत करताना ती धुऊन न्या, दिवसाउजेडी न्या, तपासणी होईपर्यंत तिथून हलू नका. नंबर संध्याकाळी येईल म्हणाले, तर संध्याकाळपर्यंत बसा. डबा घेऊन जा.

पडताळणीचा कागद घ्यायला तो आला, तो माझा त्या ठाण्यातला शेवटचा आठवडा. "कोणताही गुन्हा दाखल नाही, वर्तन चांगलं" असं मी लिहिलं होतं. प्रधान आरक्षकानं पोच वही पुढे सरकवली आणि बोट ठेवलं, "इथे सही."

"थांबा जी, वाचून घेतो," तो म्हणाला.

त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला. मागे लोकांची रांग. प्रधान आरक्षक कुरकुरला, "काका, पुलिस का कागज़ है।"

"म्हणूनच वाचून राहिलो."

ओळ ओळ वाचून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "साहेब, घर नंबर चुकला. माह्या शेजाऱ्याचा लिहिला तुमी."

मी बघितलं. खरंच चुकला होता. मी तो कागद फाडला आणि नवीन लिहायला घेतला. रांग थांबली होती. थांबू दिली.