न लावलेलं रीळ

थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान आलं, तरी तिथे सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या माणसाला गल्ली ऑपरेटरच म्हणायची. माणूस तसा सरळ, फक्त एक खोड होती. प्रेक्षक कमी असले की हे महाशय शेवटचं रीळ खुशाल गाळायचे. "कोणाला कळतंय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि खरंच कोणाला कळत नसे.

अशातच तो विचित्र सिनेमा आला. एक शास्त्रज्ञ डोक्याला यंत्र लावून स्वतःच्याच मनात उतरतो. आत जिना, जिन्याखाली आणखी जिना, दारामागे लहानपणची खोली. सगळाच प्रकार डोक्यावरून जाणारा. दुपारच्या खेळाला मोजून चार माणसं. ऑपरेटरच्या पोटात कावळे ओरडत होते. शास्त्रज्ञ अगदी तळाच्या अंधारात पोचला, तेव्हा त्याने मशीन थांबवलं, दिवे लावले आणि जेवायला घर गाठलं.

त्या चौघांत त्याची थोरली बहीण होती. मनाच्या आजारातून उठून ताई नुकतीच दवाखान्यातून आली होती, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती. पास त्यानेच दिलेला, पण ती आजच येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरी येताच तिने विचारलं, "तो माणूस वर नाही आला का रे?"

चोरी कबूल करायला जीभ रेटेना. तो म्हणाला, "नाही. तिथेच संपतो सिनेमा."

"मला वाटलंच," ताई म्हणाली.

हळूहळू तिने गोळ्या सोडल्या. आत गेलेलं माणूस वर येत नाही, डॉक्टर उगाच धीर देतात, असं म्हणू लागली. मग खोलीबाहेर येणंच थांबलं. तोवर सिनेमा उतरून त्याच्या पेट्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या. एकदा मन घट्ट करून तो म्हणाला, "ताई, येतो गं तो वर."

"माझी समजूत नको घालूस."

तेव्हा तरी खरं सांगायचं! पण हा मूग गिळून बसला.

त्याने लग्न केलं नाही. ताईला भरवलं, तिची वेणी घातली, तिच्या उशाशी जागला. "भाऊ असावा तर असा," शेजारीपाजारी म्हणायचे, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोघांचेही केस पिकल्यावर तो सिनेमा त्याला फोनवर सापडला. शेवटचा भाग लावून त्याने फोन ताईपुढे धरला. शास्त्रज्ञ धापा टाकत जिने चढला, दार ढकलून उजेडात आला, आणि बायकोने त्याचा हात धरला.

"आला की वर," ताई म्हणाली. "मग तेव्हा का नाही आला?"

"शेवटचं रीळ मी लावलंच नव्हतं, ताई. भूक लागली होती मला."

ताईने विचारलं,

"एवढंच?"

त्याने मान हलवली. एवढंच होतं.