नॉट-येट मॅडम

आमच्या टेस्ट लॅबमध्ये मॅडमसमोर ‘पास’ म्हणायची सोय नव्हती. उपग्रहाचा एखादा भाग चाचणीतून सुखरूप बाहेर आला की कुणीतरी हुरूपाने “पास!” म्हणायचं. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, “आज बिघडला नाही, एवढंच म्हण.” काम खलास का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “नॉट येट.” दुबईतल्या त्या छोट्या कंपनीत सगळे त्यांना नॉट-येट मॅडमच म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी तिथे नवीन होते. मीटिंगमध्ये बोलावं लागू नये म्हणून कोपऱ्यातली खुर्ची धरायचे. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात डबा उघडता उघडता हटकलं, “मराठी ना गं तू? मग माझ्याशी इंग्लिश का?”

“माझं मराठी तेवढं चांगलं नाही.”

“माझं अरबी ऐकलंयस? यल्ला आणि इन्शाल्ला, एवढ्यावर इतकी वर्षं काढली मी इथे. घे, थालीपीठ घे.”

उपग्रह विमानाने रॉकेटच्या तळाकडे रवाना करायला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. रॉकेटमधून इतरांचेही उपग्रह जायचे होते, ते आमच्यासाठी थांबणार नव्हतं. ही संधी हुकली असती तर प्रकल्प गुंडाळला गेला असता, आणि त्याबरोबर आमचे व्हिसाही. मॅडमची मुलगी दुबईतच, ऊद मेथाच्या शाळेत बारावीला होती.

शेवटच्या चाचणीत, व्हॅक्यूम चेंबरमधल्या थंडीत, सोलर पॅनेल उघडताना मधेच अडखळलं. पुन्हा करून पाहिलं तेव्हा नीट उघडलं.

“उघडलं ना? यल्ला, चला, पॅक करा,” आमचा मॅनेजर यूसुफ म्हणाला. तो बेफिकीर नव्हता. त्या दिवशी त्याचा फोन एक मिनिट गप्प बसला नव्हता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “स्क्रीनसमोर तू होतीस. काय दिसलं?”

“इट हेझिटेटेड,” मी पुटपुटले. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी मराठीतच म्हणाले, “कुणीतरी मागून धरल्यासारखं.”

“वायर,” मॅडम म्हणाल्या. “थंडीत ताठ होऊन ओढत असणार.”

यूसुफने डोकं धरलं. “ती बदलून सगळं पुन्हा तपासायचं? मग रॉकेट विसरा.”

आता भांडण होणार असं मला वाटलं. पण मॅडम चाचण्यांची यादी पुढे ओढून म्हणाल्या, “सगळं नाही. पॅनेल तेवढं छोट्या चेंबरमध्ये थंड करून बघू. बॅटरीची दुसरी चाचणी मी सोडते. तसं माझ्या सहीने लिहून देते.”

बॅटरीच्या त्याच चाचणीसाठी मॅडम कित्येक महिने यूसुफशी भांडत होत्या.

संध्याकाळी त्या मला गाडीतून अल बर्शाला माझ्या घरी सोडत होत्या. मी धीर करून विचारलं, “बॅटरीचं काय?”

“एकदा तपासलीय, चांगली होती. पॅनेलबद्दल शंका आहे आणि बॅटरीबद्दल नुसती भीती. हातात वेळ थोडा असला की तो शंकेला द्यायचा.”

“आणि भीतीचं?”

“ती मी घरी घेऊन जाते.”

वायर खरंच ताठ होत होती. आम्ही ती वेगळ्या वाटेने बसवली, पॅनेल पुन्हा थंड केलं, आणि उपग्रह वेळेवर निघाला.

अवकाशात पॅनेल उघडल्याचा संदेश आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. यूसुफ दिसेल त्याला मिठी मारत होता. मॅडम मात्र माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होत्या. “बॅटरीचं तापमान बघ,” एवढंच म्हणाल्या. मी आकडा वाचला. पुढचा संदेश आला तेव्हा पुन्हा वाचला. मग कुठे त्यांनी खुर्ची सोडली.

आता त्या अबुधाबीला दुसऱ्या कामावर आहेत. मधूनमधून फोन करतात. मुलीचं कॉलेज, इथला उकाडा, सगळं बोलून झालं की विचारतात, “आणि बॅटरी?”

“नॉर्मल आहे, मॅडम.”

“आकडा सांग.”

मी आकडा सांगते. मग त्या विचारतात, “जेवलीस का?”