उत्तरासाठी सोडलेली शांतता

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजची तळमजल्यावरची नकाशांची खोली. बाहेर मार्चची टळटळीत दुपार, पण खिडक्यांना जाड हिरवे पडदे, त्यामुळे आत विहिरीच्या तळाशी असावा तसा उजेड. भिंतींवर पिवळे पडलेले खंड आणि महासागर. वर कुरकुरणारा पंखा. टेबलामागे पांढऱ्या शर्टातला, पन्नाशी ओलांडलेला एक जाडजूड माणूस. समोर सगळे बाक रिकामे.

माणूस पहिल्या बाकाकडे बघून विचारतो, "सांग बघू, वारा कुठनं येतो?"

मग तो थांबतो. मान जराशी कललेली, समोरचं कुणी बोलतंय आणि तो ऐकतोय अशी. नाटकात इतका वेळ कुणी गप्प राहिलं तर विंगेतले लोक घाबरतात.

"बरोबर," माणूस म्हणतो. "पण घाई केलीस."

दाराशी चहा घेऊन आलेला शिपाई हिंदुराव तसाच मागे फिरला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन कप आणले. एक सरांपुढे ठेवला, दुसरा रिकाम्या बाकावर.

"हे कुणाला रे?"

"आता ते तुमालाच ठावं, सर. आमाला दिसत न्हाय."

सर पोट धरून हसले. मग त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलून दाखवला. "दुर्गासाठी धडा भरून घेतोय, खुळ्या!"

या सरांचं नाव सिद्धाप्पा बिराजदार. अक्कलकोटकडच्या खेड्यातले. घरी कन्नड आणि शाळेत मराठी. पहिलीत गुरुजी बोलायचे आणि हे काही न कळून भिंतीवरची पाल बघत बसायचे. वर्गात बसूनही वर्गाबाहेर असणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरीही दुर्गा वर्गात आली त्या दिवशी त्यांची चूक झालीच.

दुर्गा करकंबची. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली. कॉलेजसाठी ती सोलापुरात चिमाबाईआत्याकडे राहायला आली आणि भूगोल घेऊन बसली. पहिल्याच तासाला सर फळ्यावर खडू ओढत म्हणाले, "नदी इथनं निघाली, अशी गेली, आणि तिथं मिळाली."

"सर," पहिल्या बाकावरून आवाज आला, "इथं म्हंजे कुटं?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'इथं-तिथं' गेलं ते गेलंच. वायव्येकडून आग्नेयेकडे, हाताच्या कोपरापासून करंगळीकडे, असं ते सांगू लागले. गंमत म्हणजे मागच्या बाकावरच्या पोरांनाही भूगोल तेव्हाच कळायला लागला.

स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "बिराजदार, तिला दुसरा विषय घ्यायला सांगा. नकाशाशिवाय भूगोल कसा व्हायचा?"

"नदीला कुठं डोळे असतात?" सर म्हणाले. "जातेच की समुद्राला."

सरांच्या घराशेजारच्या अक्कम्माकडे माग होता. तिच्याकडून उरलंसुरलं सूत आणून सरांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं. जाड सुताची भीमा, बारीक सुताची सीना, गावांच्या जागी गाठी. परीक्षेत तिचा पेपर लिहायला लेखनिक आणि जादा वेळेची परवानगी त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवली. खालच्या वर्गातली पिंकी लेखनिक ठरली. दोघींना समोरासमोर बसवून सर सराव घ्यायचे. "पिंके, ती सांगेल तेवढंच लिहायचं. तुझी अक्कल तुझ्या पेपरला वापर."

पुस्तकंही ते वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचे. पहिले धडे मिळाल्यावर दुर्गा तक्रार घेऊन आली. "सर, ह्यात तुमी थांबतच न्हाय. वर्गात तुमी विचारता, मी बोलते. हितं मला बोलायला जागाच न्हाय."

तेव्हापासून सर जागा सोडू लागले. प्रश्न विचारायचा, तिला उत्तर द्यायला लागेल तितकं थांबायचं, मग बोलायचं. ती कुठे अडते, कुठे चुकते, हे त्यांना पाठच झालं होतं. त्यामुळे ती घरी बसून उत्तर द्यायची, आणि फोनमधून आवाज यायचा, "हां, आता कारण सांग." कधी तिचं नेमकं बरोबर यायचं आणि फोनमधले सर उगाच रागवायचे. मग ती एकटीच हसायची.

परीक्षा तोंडावर आली असताना एका रविवारी सर जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं.

दुर्गा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं दार लावून घेतलं आणि फोन सुरू केला.

चिमाबाई बाहेर ज्वारी निवडत होती. दाराआडून पुरुषाचा आवाज आला. मग पोरीचा. मग परत पुरुषाचा. बाईच्या हातातलं सूप निसटलं. सगळ्या घरभर ज्वारी. सरांच्या मयताला ती स्वतः जाऊन आली होती.

तिनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. रात्रीची भुतं परवडली, ती म्हणाली, भर दुपारी येणारं सोडत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. दाराआड तो विचारायचा, ही बोलायची, तो ऐकून घ्यायचा. ते मधलं ऐकून घेणं बाईला सगळ्यात भयंकर वाटायचं. शेवटी तिनं फोन काढून घेतला आणि देव्हाऱ्याखाली ठेवून दिला.

"आत्या, आठ दिवसांवर परीक्षा हाय. सगळा अब्यास त्यात हाय."

"अब्यास चुलीत घाल. मेलेल्या माणसाला उत्तरं देतीस तू! एक दिवस नेईल तुला. उद्याच करकंबला पोचवते."

"रेकॉर्डिंग हाय गं ते. आदी बोलून ठिवलंय."

"मग तुझं झाल्यावर बोलतो कसा? मधीच का बोलत न्हाय?"

याला दुर्गापाशी उत्तर होतं, पण ते आत्याच्या गळी उतरणारं नव्हतं. ती म्हणाली, "एकच धडा ऐकायचा राहिलाय. तू शेजारी बस. भूत वाटलं तर मी आपनहून करकंबला जाते."

चिमाबाईनं फोन परत दिला आणि बसली. तुळशीची माळ मुठीत, पाठ भिंतीला. फोन सुरू झाला. आधी पंख्याची कुरकुर, मग घसा खाकरल्याचा आवाज. बाईनं डोळे मिटून घेतले.

"दुर्गा, नदीचं वळण," सर म्हणाले. "आतल्या काठाला पाणी काय करतं, बाहेरच्या काठाला काय करतं? सांग."

आणि शांतता. फक्त पंखा.

दुर्गाला बोलायचं होतं, पण हा शेवटचा धडा होता. यानंतर सर विचारणार नव्हते. खोलीत तिघं असल्यासारखं झालं, आणि तिसरा वाट बघत होता.

चिमाबाईला ते सहन होईना. भीती एकीकडे, पण दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायची तिला सवय नव्हती. ती कुजबुजली, "आगं, दे की उत्तर. थांबलाय माणूस."

दुर्गा घाईनं बोलली. "आतला काठ खातं, बाहेरच्या काठाला गाळ टाकतं."

"उलटं सांगितलंस," सर म्हणाले. "सांग परत."

चिमाबाईच्या हातातली माळ गळून पडली. पोरीनं सांगितलं, यानं ऐकलं, आणि चूक काढली! तिनं खोलीभर नजर फिरवली. खुंटीवर लुगडं, कोपऱ्यात हंडा, दुसरं कुणी नाही.

"मी दरवेळी हेच चुकते, आत्या," दुर्गा हळूच म्हणाली. "त्यांना ठावं हुतं." आणि मोठ्यानं तिनं बरोबर उत्तर दिलं. बाहेरचा काठ खातं, आतल्या काठाला गाळ टाकतं.

"हां! आता बरोबर."

 चिमाबाईनं माळ उचलली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"मेलाय खरा," ती म्हणाली, "पण मास्तर हाय. परीक्षा हुईस्तवर ऐक. पर दार उघडं ठिवून. मी भायेर बसते."

ती उठणार, तोच फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती परत बसली.  पंखा कुरकुरत होता, आणि त्या कुरकुरीतून सर शेवटचं बोलले.

"झालं माझं विचारून. आता तू विचार. मी ऐकतोय."